‘मर्यादित’ म्हणजे नेमकं किती?

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तीन चित्रपट २००१, २००२ आणि २००३च्या डिसेंबरात आले. त्यांतली चिलखतं, शस्त्रं आणि राक्षस घडवले होते न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनच्या मिरामार उपनगरातल्या वेटा वर्कशॉपने. पडद्यासाठी काम करणाऱ्या याच मंडळींनी कॅलिफोर्नियातल्या साइडशो कंपनीबरोबर संग्राहकांसाठी पुतळे, अर्धपुतळे आणि छोटी शिरस्त्राणंही केली. ज्याने राक्षस घडवला त्याच्याच हातची छोटी प्रतिकृती घरी ठेवता येते, हे त्या काळी फारसं कुणी पाहिलं नव्हतं. आज अशा वस्तूंचे शौकीन आपल्याकडेही आहेत. पण शौकाबरोबर काही समजुतीही पसरल्या आणि त्यांतल्या बऱ्याच चुकीच्या आहेत.

क्रमांक लहान, म्हणजे प्रत सरस?

पुतळ्याच्या तळाशी १५००पैकी ३७ असं काही छापलेलं असतं. १४०० क्रमांकाच्या प्रतीपेक्षा ३७ क्रमांकाची प्रत जास्त रेखीव असणार, असं कित्येक जण धरून चालतात आणि तिच्यासाठी जास्त पैसेही मोजतात.

ही समजूत आली छापील चित्रांच्या जगातून. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्राचे ठसे घेत गेलं की पत्रा झिजतो, म्हणून तिथे सुरुवातीच्या प्रती खरोखर ठसठशीत असतात. पुतळ्यांचं तंत्र वेगळं आहे. मूळ नमुन्यावरून सिलिकॉन रबराचा साचा घेतात आणि त्यात रेझिन ओततात. रेझिन घट्ट होताना तापतं, रबर हळूहळू खराब होतं आणि काही डझन प्रतींनंतर तो साचा टाकून मूळ नमुन्यावरून नवा घ्यावा लागतो. म्हणजे हजारावी प्रत कोऱ्या साच्यातून निघालेली असू शकते आणि तिसावी मरायला टेकलेल्या साच्यातून. शिवाय वस्तू ज्या क्रमाने ओतल्या त्याच क्रमाने त्यांच्यावर आकडे पडतील, असा नियम नाही.

प्रतीप्रतीत फरक पडतो तो रंगकामामुळे. साच्यातून निघालेल्या तुकड्याचे सांधे घासायचे, भाग जोडायचे आणि मग रंगाची ठरवून दिलेली नमुना-प्रत समोर ठेवून शेकडो प्रती हाताने रंगवायच्या. हे काम बहुतांशी चीनमधल्या कारखान्यांत चालतं. पेणच्या कारखान्यात एकाच साच्यातले दोन गणपती डोळ्यांच्या आखणीने वेगळे दिसतात, तोच हा प्रकार. म्हणून दुकानात निवड करायची संधी मिळाली तर तळ नंतर पाहा, आधी चेहरा पाहा.

जाहिरातीतले फोटो बहुधा याच नमुना-प्रतीचे असतात, हेही इथेच सांगून टाकतो. ती एखाद्या कसलेल्या रंगाऱ्याने निवांत बसून रंगवलेली असते.

मर्यादित म्हणजे दुर्मीळ?

‘मर्यादित आवृत्ती’ या शब्दांमागे ठरलेला आकडा नाही. तीनशे प्रतीही मर्यादित आणि दहा हजारही. काही कंपन्या संख्येऐवजी मुदत ठेवतात: अमुक तारखेपर्यंत जितक्या मागण्या येतील तितक्या प्रती करायच्या आणि मग साचा बंद. ही मर्यादा वेळेची झाली. लोक तुटून पडले तर अशा वस्तूच्या प्रती ढिगाने निघतात.

दुसरी गोष्ट अशी की मर्यादा त्या एका पुतळ्यापुरती असते, पात्रावर ती नसते. या चित्रपटांतला खलनायक सौरॉनच घ्या. वेटाने केला, साइडशोने केला, जपानच्या प्राइम वन स्टुडिओनेही केला. आकार वेगळा किंवा पवित्रा वेगळा असला की ती नवी वस्तू झाली. जुन्या ग्राहकाला दिलेलं वचन कागदावर पाळलं जातं, पण त्याच्या पुतळ्याची मागणी मात्र उतरू शकते.

यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही, कारण बहुतेक कंपन्या आवृत्तीची संख्या उघडपणे छापतात. ती न वाचता ‘मर्यादित’ शब्दावर भुलणारं गिऱ्हाईक मात्र स्वतःच्या जबाबदारीवर भुलतं.

चित्रपटातलं शिरस्त्राण पोलादाचं, आपलं नकली?

हा माझा सगळ्यात आवडता गैरसमज, कारण बऱ्याचदा वस्तुस्थिती नेमकी उलटी असते. दिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या या चित्रपटांत हजारोंच्या सेना आहेत. संगणकाने वाढवलेली गर्दी सोडली तरी कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष उभी राहणारी माणसं बरीच होती आणि ती दिवसदिवस चिलखत घालून धावणार होती. त्यांना पोलाद चढवलं असतं तर चित्रीकरण दुपारच्या आतच थांबलं असतं. म्हणून वेटाच्या लोहारांनी काही चिलखतांचे पहिले नमुने खऱ्या पोलादी पत्र्यातून ठोकून काढले, त्यांचे साचे घेतले आणि सैन्यासाठी युरेथेनच्या हलक्या प्रती ओतल्या. हातोडीचे घाव, पत्र्याच्या कडा, खिळ्यांची डोकी हे सगळं साच्यात उतरलं, वजन तेवढं गळलं. साखळी-चिलखताची गोष्ट तर आणखी गमतीची. प्लॅस्टिकच्या नळ्यांच्या चकत्या कापून कड्या केल्या, त्या हाताने एकीत एक गुंफल्या आणि वर धातूचा मुलामा चढवला. अशा एक कोटीहून अधिक कड्या जोडल्या गेल्या. तलवारींचंही तसंच. पीटर लायन या तलवारकाराने जवळून दिसणाऱ्या तलवारी पोलादाच्या केल्या, तर हाणामारीसाठी ॲल्युमिनियमच्या आणि रबरी प्रती वापरल्या.

त्यामुळे अमेरिकेच्या युनायटेड कटलरीसारख्या परवानाधारक कंपनीची धातूची प्रतिकृती पडद्यावरच्या वस्तूपेक्षा जास्त ‘लोखंडी’ असू शकते. ती जास्त अस्सल की कमी, यावर संग्राहकांनी खुशाल भांडावं.

शिरस्त्राण मागवणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. साइडशो-वेटाच्या मालिकेतली शिरस्त्राणं मूळ आकाराच्या चौथाई आहेत, म्हणजे तळहातावर मावतील एवढी. डोक्यात घालायला म्हणून घ्यावं आणि खोक्यातून कपाएवढी वस्तू निघावी, असं होऊ नये म्हणून ‘१:४’ ही खूण आधी शोधावी.

ब्राँझ, दगड वगैरे

‘कोल्ड कास्ट ब्राँझ’ म्हणजे वितळवून ओतलेलं ब्राँझ नव्हे. ते असतं ब्राँझची पूड मिसळलेलं रेझिन. पॉलिस्टोनही दगड नाही, दगडाची पूड घातलेलं रेझिनच. ते हाताला थंड आणि जड लागतं, बारीक नक्षी छान धरतं, पण पडलं की काचेसारखं फुटतं. पातळ भाले आणि तलवारी उष्णतेने वाकतात, उन्हात रंग उतरतात. पश्चिमेच्या खिडकीत पुतळा ठेवणाऱ्याने एप्रिल-मे महिन्यांत त्याच्याकडे जरा लक्ष ठेवावं.

प्रमाणपत्र आहे, मग काळजी कशाची?

प्रमाणपत्र हा छापील कागद आहे आणि कागद पुन्हा छापता येतो. चोरट्या प्रती तयार पुतळ्यावरूनच साचा घेऊन करतात. रेझिन आणि रबर दोन्ही किंचित आकसतात, त्यामुळे अशी प्रत मूळ वस्तूपेक्षा थोडी लहान भरते. केसांच्या बटा, चिलखताची नक्षी, बोटांची पेरं बोथट होतात. संशय आला तर उंची मोजून कंपनीने दिलेल्या मापाशी ताडून पाहावी. कागदापेक्षा मोजपट्टी अधिक खरं बोलते.

पुतळा म्हणजे दागिन्यासारखी गुंतवणूक?

काही पुतळ्यांच्या किमती कित्येक पट झाल्या, हे खरं. त्यांच्याच गोष्टी सांगितल्या जातात. मूळ किमतीच्या खाली गेलेल्या दुय्यम पात्रांच्या अर्धपुतळ्यांची गोष्ट कुणी सांगत नाही. सोनं मोडायला गल्लीत सराफ असतो. जादूगार गॅन्डाल्फचा पुतळा मोडायला दुसरा गॅन्डाल्फवेडा शोधावा लागतो आणि तो बहुधा दुसऱ्या खंडात निघतो.

तिथून वस्तू आणायची तर हिशेब आणखी बिघडतो. कुरिअर कंपन्या वजनाबरोबर आकारमानही धरतात: लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा ५,०००ने भागतात. ५० × ५० × ६० सेंटिमीटरचं खोकं म्हणजे ३० किलो. आतला पुतळा १० किलोचा असला तरी भाडं तिसाचं. भारतात आयात शुल्क नुसत्या वस्तूवर न लावता भाडं आणि विमा धरून लावतात. त्यातही खेळणं ठरलं तर गोष्ट वेगळी. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२०मध्ये २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३मध्ये ७० टक्के झालं. शिवाय १ जानेवारी २०२१पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह लागतं. पुतळा शोभेची वस्तू आहे, हे बिलावर स्पष्ट लिहून घेतलेलं बरं.

खोकं न उघडलेलं उत्तम?

छोट्या प्लॅस्टिक बाहुल्यांच्या बाबतीत हे चालतं, त्यांच्या पुठ्ठ्यालाही भाव असतो. पॉलिस्टोनच्या बाबतीत बंद खोकं म्हणजे न तपासलेलं खोकं. आत तलवार तुटलेली असू शकते, किंवा रंगाला चिकटून बसलेली प्लॅस्टिकची पिशवी. जाणकार खरेदीदार उघडून तपासलेली वस्तू, तळाच्या क्रमांकाचा फोटो, मूळ थर्माकोल आणि बाहेरचं तपकिरी खोकं मागतात. तुटलेल्या भागाची तक्रार करायला कंपन्या ठरावीक दिवसांचीच मुदत देतात आणि आवृत्ती संपल्यावर सुटे भागही संपतात. म्हणून पार्सल आल्या दिवशीच उघडावं आणि खोकं मात्र माळ्यावर जपून ठेवावं.