इनकॉग्निटो लपवतं, पण कोणापासून?

घरातल्या सगळ्यांचं इंटरनेट ज्या डब्यातून जातं, तो बहुतेक घरांत टीव्हीच्या मागे नाहीतर चपलांच्या कपाटावर धूळ खात पडलेला असतो. नेट अडकलं की त्याचं बटण बंद-चालू करायचं, एवढाच काय तो त्याच्याशी संबंध. ‘इनकॉग्निटो’ विंडो उघडून निर्धास्त होणाऱ्या माणसाच्या हिशेबात हा राउटर नसतोच.

क्रोमच्या त्या काळ्या विंडोवर हॅट आणि चष्म्याचं चित्र असतं. थेट गुप्तहेराचा वेश! २००८ मध्ये क्रोम आलं तेव्हापासून ही सोय त्यात आहे. ॲपलच्या सफारीत ती तीन वर्षं आधीच आली होती. चित्र बघून वाटतं, आता आपल्याला कोणी ओळखत नाही. प्रत्यक्षात या विंडोचं काम अगदी घरगुती आहे. ती बंद केली की त्या फोनवरच्या किंवा कॉम्प्युटरवरच्या ब्राउझरमध्ये हिस्टरी, कुकीज आणि फॉर्ममध्ये भरलेला मजकूर उरत नाही. आपण आपल्या डायरीतलं पान फाडतो. सोसायटीच्या गेटवर वॉचमनने रजिस्टरमध्ये केलेली नोंद तशीच राहते.

ही मर्यादा ब्राउझर स्वतः सांगतो, पण ती सूचना वाचतो कोण? आणि वाचूनही फार फरक पडत नाही. शिकागो विद्यापीठ आणि हॅनोव्हरचं लायबनिझ विद्यापीठ इथल्या संशोधकांनी २०१८ मध्ये ४६० जणांना अशा सूचना वाचायला दिल्या आणि मग प्रश्न विचारले. गूगलच्या खात्यात लॉग-इन करून काही शोधलं तरी त्याची नोंद राहणार नाही, असं निम्म्याहून अधिक लोकांना वाटत होतं. सुमारे चौथ्या हिश्श्याला तर या विंडोमुळे व्हायरसही येत नाही, अशी खात्री होती.

आता राउटरकडे वळू. कोणतीही साइट उघडण्याआधी फोन विचारतो, ‘या नावाचा पत्ता काय?’ याला डीएनएस म्हणतात. वेगळी व्यवस्था केलेली नसेल तर ही विचारणा राउटरमार्फत, आणि तीही उघडीच, पुढे जाते. विंडो साधी आहे की काळी, याने त्यात काडीचा फरक पडत नाही. ब्राउझरमध्ये ‘सिक्युअर डीएनएस’ चालू केलं तर विचारणा झाकली जाते, पण जोडणी सुरू होताना साइटचं नाव बहुतेक वेळा पुन्हा एकदा उघडं जातं. हे नाव वाटेत वाचता येतं, ही केवळ पुस्तकी शक्यता नाही. भारतात जिओच्या नेटवर्कवर नेमकं हेच नाव तपासून साइट अडवल्या जातात, हे सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिलं होतं.

इथे दुसऱ्या टोकाचा गैरसमजही तितकाच पक्का असतो: ‘राउटरचा पासवर्ड बाबांकडे आहे, म्हणजे त्यांना सगळं दिसतं.’ तसं नाही. पत्त्याच्या सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’ असेल तर आतला मजकूर बंद असतो. मराठी विकिपीडिया उघडला की ‘एमआर डॉट विकिपीडिया’ हे नाव कळू शकतं, म्हणजे भाषासुद्धा कळली. पण लेख पानिपतावरचा होता की मूळव्याधीवरचा, ते कळत नाही. शिवाय ब्रॉडबँडबरोबर मिळणारे साधे राउटर साइटची यादी सहसा साठवत नाहीत. ‘पेरेंटल कंट्रोल’ असलेले काही राउटर मात्र कोणत्या फोनवरून कोणती साइट उघडली, हे ॲपमध्ये मांडून दाखवतात. आणि कधीकधी नुसतं नावच पुरतं. लग्न जुळवणाऱ्या साइटचं नाव यादीत दिसलं की घरात पुढचा प्रश्न काय येणार, हे सांगायला नको.

वाय-फाय बंद करून मोबाइल डेटा वापरला तर घरचा राउटर टळतो, मोबाइल कंपनी टळत नाही. इंटरनेट जोडणीच्या नोंदी किमान दोन वर्षं जपून ठेवाव्यात, अशी अट दूरसंचार विभागाने डिसेंबर २०२१ मध्ये परवान्यांत घातली.

जाहिरातींचा घोळ आणखी वेगळा. घरातले फोन, लॅपटॉप, टीव्ही बाहेरच्या जगाला बहुधा एकाच आयपी पत्त्याने दिसतात. त्यामुळे एकाने काळ्या विंडोत अंगठी शोधली आणि जाहिरात दुसऱ्याच्या फोनवर झळकली, असं होऊ शकतं. (पुष्कळदा तो निव्वळ योगायोगही असतो, अंगठ्यांच्या जाहिराती कोणाला दिसत नाहीत?) साइट तर काळ्या विंडोतही पाहणाऱ्याला पाहतच असतात. याच मुद्द्यावर जून २०२० मध्ये कॅलिफोर्नियात गूगलवर सामूहिक दावा झाला. एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयापुढे आलेल्या तडजोडीत खाजगी ब्राउझिंगच्या अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कंपनीने मान्य केलं. विंडोतली सूचनाही बदलली: साइट आणि त्या वापरत असलेल्या (गूगलसकट) सेवा माहिती कशी गोळा करतात, त्यात या विंडोने फरक पडत नाही, असं आता तिथे लिहिलेलं असतं.

मग व्हीपीएन? त्याने साइटची नावं राउटरपासून झाकली जातात, पण विश्वास दुसऱ्या कंपनीवर टाकावा लागतो. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितलं, तेव्हा एक्सप्रेसव्हीपीएनने भारतातले आपले सर्व्हर काढून घेतले. आणि काहीतरी झाकलंय, एवढं नेटवर्कला कळतंच. डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्डच्या एका विद्यार्थ्याने परीक्षा टाळण्यासाठी बॉम्बची खोटी धमकी ‘टोर’ या ओळख लपवणाऱ्या नेटवर्कमधून पाठवली. धमकीतलं नाव लपलं, पण त्या वेळी विद्यापीठाच्या वाय-फायवरून टोर कोण वापरत होतं, ते नोंदींत होतं. तपास त्याच्यापर्यंत पोहोचला आणि त्याने कबुली दिली.

काळी विंडो खरी कामाला येते ती दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर. मामाच्या लॅपटॉपवर मेल उघडायचा असेल, झेरॉक्सच्या दुकानात आधारची प्रत काढायची असेल, तर ती जरूर वापरावी. मात्र डाउनलोड केलेली फाइल विंडोबरोबर जात नाही. ‘डाउनलोड्स’ फोल्डर उघडून ती हातानेच पुसावी लागते, आणि मग रिसायकल बिनमधूनही.