बारा व्होल्ट दाखवणारी रिकामी बॅटरी

रिमोटवर धावणारी बोट तळ्याच्या मधोमध गचके खाते, थांबते, जरा चालते, पुन्हा थांबते. कशीबशी काठाला आणली की मालक बॅटरीला मीटर लावतो आणि निकाल देऊन मोकळा होतो : "बारा दाखवतंय. बॅटरी ओके आहे. रिमोटची रेंजच कमी."

अक्कलकोट तालुक्यातल्या मैंदर्गीत मॉडेल बोटींचा शौक फारसा नसेल, पण या निकालाचा पहिला अर्धा भाग तिथल्या शेतकऱ्यालाही पाठ असतो. त्याच्या पाठीवर फवारणीचा बॅटरी पंप असतो, एवढाच फरक. दुकानात ज्याला 'बारा बाय आठ' म्हणतात, ती १२ व्होल्ट आणि ८ अँपिअर-तासांची शिसे-आम्लाची बंद बॅटरी मोठ्या मॉडेल बोटींच्या पोटातही बसते. पंप दोन ओळी मारून मंदावला की तिथेही मीटर निघतो, तिथेही बारा दिसतात आणि दोष मोटरवर जातो.

या 'बारा'ने जेवढ्या चांगल्या मोटरी, रिसीव्हर आणि रिमोट भंगारात घातले असतील, तेवढे पाण्यानेही घातले नसतील.

मुळात १२ हा आकडा बॅटरीवरच्या छापील नावापुरता आहे. शिसे-आम्लाची बॅटरी पूर्ण भरून काही तास निवांत ठेवली, तर मीटरवर साधारण १२.७ ते १२.९ दिसायला हवेत. १२.२ म्हणजे अर्धी उरली. नेमके १२.० दिसले, तर ती जवळपास उतरलेली आहे. ज्या आकड्यावर विसंबून मालक बोट पाण्यात सोडतो, तोच आकडा 'आधी चार्जिंगला लावा' असं सांगत असतो.

बरं, १२.७ दिसले तरी हुरळून जायचं कारण नाही. बाजारातला स्वस्त डिजिटल मीटर बॅटरीतून जेमतेम १२ मायक्रोअँपिअर प्रवाह घेतो. बोटीची मोटर ५ अँपिअर घेत असेल, तर ते मीटरच्या चार लाख पट झालं. नुसत्या मीटरवर बॅटरी पास करणं म्हणजे गोठ्यात उभा बैल पाहून तो किती नांगरेल हे सांगणं.

खरी भानगड बॅटरीच्या आतल्या रोधात असते. नव्या बॅटरीत हा रोध ओहमच्या काही शतांश भागाएवढाच असतो. महिनोन् महिने उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली, की शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचे कडक थर धरतात आणि रोध वाढत जातो. तो अर्ध्या ओहमवर गेला असं धरू. ५ अँपिअरला अडीच व्होल्ट आतच खर्ची पडतात, म्हणजे १२.६ चे १०.१ होतात. पंख्यात शेवाळ अडकलं किंवा थांबलेली मोटर एकदम फुल सोडली आणि प्रवाह क्षणभर १५ अँपिअरवर गेला, तर साडेसात व्होल्ट गळतात आणि मोटरच्या वाट्याला ५.१ उरतात. स्पीड कंट्रोलर याच बॅटरीतून रिसीव्हरला ५ व्होल्ट पुरवतो. एवढ्याशा व्होल्टेजवर ते त्याला जमत नाही, रिसीव्हर बंद पडतो. मोटर थांबते, भार उतरतो, व्होल्टेज वर येतं, रिसीव्हर जागा होतो, बोट चालते आणि पुन्हा तेच. काठावरून हे हुबेहूब रेंज गेल्यासारखं दिसतं.

रेंज कधीच जात नाही असं नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात शिरताच विरतात, त्यामुळे रिसीव्हरची अँटेना पाण्याच्या पातळीखाली दडपलेली असेल तर तक्रार खरी असते. पण हा निवाडा काठावरच करता येतो. बोट हातभर अंतरावर पाण्यात घट्ट धरायची, हाताची बोटं पंख्यापासून लांब ठेवायची आणि फुल थ्रॉटल द्यायचा. रिमोट दोन फुटांवर असतानाही बोट तसेच गचके देत असेल, तर बिचाऱ्या रेंजचं नाव घेऊ नये. ही परीक्षा घरी टेबलावर, पंखा हवेत फिरवून घेणारे पुष्कळ आहेत. हवेत मोटरला काही ओढावंच लागत नाही. तिथे मेलेली बॅटरीही पास होते.

बॅटरीची परीक्षा त्याहून सोपी. गाडीच्या हेडलाइटचा १२ व्होल्ट, ५५ वॅटचा बल्ब साडेचार अँपिअर घेतो. बॅटरी पूर्ण चार्ज करून तो जोडायचा आणि बल्ब पेटलेला असतानाच मीटरची टोकं बॅटरीच्या पत्र्यांना लावायची. धडधाकट बॅटरी काही मिनिटं १२ च्या आसपास टिकते. बसलेली दहाकडे घसरते.

इथे बॅटरी टिकली, तर संशय तारांवर. पत्रीवरची थिंबल काढून पाहावी. पांढरी-हिरवट भुकटी धरलेली असते, किंवा थिंबल इतकी सैल की बोटाने हलते. वायर नुसती पिळून वर टेप गुंडाळलेली असली तर बघायलाच नको. मोटर चालू असताना मीटरचं एक टोक जोडाच्या अलीकडे आणि एक पलीकडे टेकवावं. शून्याच्या जवळ आकडा हवा. अर्धा व्होल्ट दिसला तर तिथे वीज उष्णता होऊन जाते आहे. स्विच आणि फ्यूज होल्डर यांचीही हीच तपासणी.

"आठ अँपिअरची आहे, म्हणजे आठ अँपिअरने तासभर चालेल," हा हिशेबही चुकतो. छापलेली क्षमता सहसा २० तासांत सावकाश उतरवून मोजलेली असते, म्हणजे ०.४ अँपिअरने. एवढ्या लहान बॅटरीतून ८ अँपिअर ओढले, तर ती ३५-४० मिनिटांत आटोपते. उत्पादकांच्या माहितीपत्रकातल्या तक्त्यात हे दिलेलं असतं. यामागचा नियम जर्मन शास्त्रज्ञ पॉइकर्ट यांनी १८९७ मध्ये मांडला. पुढच्याच वर्षी निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कमध्ये रेडिओवर चालणारी बोट दाखवली आणि तिचं पेटंट घेतलं. त्या पेटंटच्या आकृतीतही मोटरला वीज साठवणीच्या बॅटऱ्यांतूनच मिळते.

पंखा मोठा लावला की वेग वाढतो? मोटरचे फेरे तेवढेच राहिले, तर व्यासाच्या पाचव्या घाताने भार वाढतो. ४० मिलिमीटरचा ५० केला की तिप्पट. वेगाच्या आधी वायर तापते.

'पूर्ण उतरवूनच चार्ज करावी' हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या काळातला. शिसे आणि लिथियम दोघांनाही तो मारक आहे.

फरशीवर ठेवलेली बॅटरी उतरते, हेही जुन्या लाकडी आणि रबरी डब्यांच्या जमान्यातलं. आजच्या प्लॅस्टिकला फरशीचं काही देणंघेणं नाही. सोलापूरच्या ४२ अंशांच्या उन्हात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेली मात्र लवकर जाते : २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना आयुष्य निम्मं, असा उत्पादकांचाच ढोबळ हिशेब आहे.

९९०० मिलिअँपिअर-तास छापलेला १८६५० मापाचा लिथियम सेल? नामांकित कंपन्यांचे चांगले सेलसुद्धा ३५०० च्या आसपास असतात.

मेलेल्या बंद बॅटरीचं झाकण उचकटून त्यात पाणी किंवा ॲसिड घालणारे कारागीर गावोगाव भेटतात. वाळलेल्या बॅटरीत त्याने थोडी धुगधुगी येते, पण कडक झालेलं सल्फेट विरघळत नाही, आणि आत शिसं असल्याने ती उकिरड्यावरही टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुनी बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. नवी घेताना दुकानदार जुनीचे पैसे बहुधा वळते करून देतो.