जुन्या टॅबलेटवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम

टॅबलेटचा पडदा आणि बॅटरी शाबूत असतानाही कंपनीचे अपडेट काही वर्षांत थांबतात. मग नवी ॲप चालेनाशी होतात आणि सुरक्षाही कच्ची राहते. अशा वेळी कंपनीची सिस्टीम काढून दुसरी बसवता येते. तिला ‘कस्टम रॉम’ म्हणतात. अँड्रॉइडचा मूळ कोड खुला असल्याने हे शक्य होते. २०१६ च्या अखेरीस सायनोजेनमॉड ही अशीच रॉम बंद पडल्यावर सुरू झालेली लिनिएजओएस ही त्यांपैकी सर्वांत परिचित.

महाराष्ट्रात असे काम पवईच्या आयआयटी मुंबईत झाले. नोव्हेंबर २०१२ मध्ये आलेल्या ‘आकाश २’ या स्वस्त टॅबलेटमध्ये अँड्रॉइड ४.० होते. संस्थेतील गटाने त्यावर मेमरी कार्डावरून चालणारे लिनक्स बसवले. त्यातला प्रोसेसर सुरू होताना आधी कार्ड तपासतो, म्हणून कार्ड काढले की मूळ अँड्रॉइड जसेच्या तसे मिळे.

बहुतेक टॅबलेटमध्ये ही सोय नसते. तिथे बूटलोडरचे, म्हणजे सिस्टीम सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचे, कुलूप उघडावे लागते. पहिले काम म्हणजे फोटो, नोंदी, कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घेणे, कारण कुलूप उघडताच आतले सारे पुसले जाते. नंतर मॉडेल क्रमांक अक्षर न् अक्षर जुळवून त्याच मॉडेलची रॉम घ्यावी. वायफायच्या आणि सिमच्या टॅबलेटची रॉमही अनेकदा वेगळी असते. बॅटरी पुरेशी भरून, सेटिंगमध्ये डेव्हलपर पर्याय चालू करून ‘ओईएम अनलॉकिंग’ला परवानगी द्यावी. संगणकाला केबल जोडून कुलूप उघडल्यावर रिकव्हरी (सिस्टीम चढवण्याचा छोटा प्रोग्रॅम) बसवावी, जुनी सिस्टीम पुसावी आणि नवी चढवावी. पहिल्यांदा सुरू व्हायला काही मिनिटे लागतात. त्या वेळी बटण दाबू नये.

चुकीची रॉम चढली किंवा मध्येच वीज गेली, तर टॅबलेट कायमचा निकामी होऊ शकतो. वॉरंटी जाऊ शकते, काही बँकांची ॲप चालत नाहीत.

भंडारा जिल्ह्यासह राज्यातील विद्यार्थ्यांसाठी याला आणखी एक बाजू आहे. नागपूरच्या ‘महाज्योती’ संस्थेच्या योजनेत नीट, जेईईच्या तयारीसाठी टॅबलेट मिळतात. असा टॅबलेट अभ्यासाचे साधन आहे. परीक्षेआधी त्याचे कुलूप उघडू नये. प्रयोग करायचा तर घरात पडून असलेल्या जुन्या टॅबलेटवरच करावा.