राखणीचा कुत्रा

मेंढपाळाचा कुत्रा म्हटला की शिट्टीसरशी कळप वळवणारा बॉर्डर कॉली आठवतो. आपल्याकडे कळप माणूसच वळवतो. कुत्र्याकडे असते राखण. सुगी सरली की धनगर शेतात मेंढ्या बसवतात. शेतकऱ्याला लेंडीखत मिळते, आणि रात्रभर वाघरीभोवती जागतो तो कुत्रा. म्हणजे त्याची चाकरी एका धन्याची नसून गावाची आहे.

धाराशिव जिल्ह्यात उस्मानाबादी शेळी हे भूमिहीनांचे भांडवल. लांडग्याने एक शेळी नेली तरी घराचा हिशेब कोलमडतो. त्या रागातून लांडग्यावर विषप्रयोग होऊ शकतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण तेव्हा कागदावरच राहते.

नामिबियात चित्त्यांसाठी काम करणारी एक संस्था १९९४ पासून शेतकऱ्यांना राखणीचे अनातोलियन कुत्रे देते. पिल्लू शेळ्यामेंढ्यांतच वाढते, त्यामुळे कळपालाच आपले गोत मानते. ते भुंकून, आडवे येऊन चित्त्याला परतवते. शेळी वाचते, चित्ताही वाचतो.

हे आपल्याकडेही जमण्याजोगे आहे. मात्र रेबीज व डिस्टेंपरची लस आणि नसबंदी आवश्यक आहे. पुण्याजवळ लांडगा-कुत्रा संकर जनुकीय तपासणीत सिद्ध झाला आहे. कुत्रा कळपापाशी राहिला, तरच शेळीसोबत लांडगाही टिकेल.