केमोचा एक दिवस, नंतरचे वीस

सकाळी साडेसात

नाशिकच्या आमच्या डे-केअर वॉर्डात दिवस सुईने सुरू होत नाही, रिपोर्टने होतो. आज ज्यांचा डोस आहे त्यांची रक्ततपासणी आदल्या दिवशी झालेली असते. हिमोग्लोबिन, प्लेटलेट, क्रिएटिनीन, बिलिरुबिन सगळं बघायचं. पण माझी नजर आधी जाते ती न्यूट्रोफिलच्या आकड्यावर. जंतू शिरले की सर्वांत आधी धावून जाणाऱ्या या पांढऱ्या पेशी. बहुतेक औषधांसाठी त्या हजार-दीड हजारांच्या वर असाव्या लागतात. त्याखाली असल्या की डॉक्टर सहसा डोस पुढे ढकलतात.

आज सुरगाण्याकडच्या एका काकूंच्या सातशे आल्यात. पहाटे अंधारात निघून, एसटी पकडून त्या आल्या आहेत. "आज डोस नाही" म्हटल्यावर त्यांचे डोळे भरून येतात. त्यांना वाटतं, औषध लागू पडत नाही. तसं नसतं. केमोची बहुतेक औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींना गाठतात. कॅन्सरच्या पेशी तशा वाढतातच. पण हाडांतला मगज, तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर, केसांची मुळंही तशीच वाढत असतात. म्हणून पेशी कमी होतात, तोंड येतं, जुलाब लागतात, केस जातात. दोन डोसांमध्ये बहुधा दोन-तीन आठवडे ठेवतात ते मगजाला सावरता यावं म्हणून. काकूंच्या मगजाला आणखी आठवडाभर हवा आहे, इतकंच. मी त्यांना चहा देते, पुढची तारीख फाइलवर मोठ्या अक्षरात लिहिते, आणि यापुढे रिपोर्ट आला की आदल्या संध्याकाळीच त्यांना फोन करायचं वहीत नोंदवते. एवढ्या लांबच्या माणसाची खेप वाया जाता कामा नये.

साडेआठ

उंची आणि वजन. प्रत्येक वेळी वजन कशाला, असं पेशंट विचारतात. केमोचा डोस गोळीसारखा सरसकट नसतो. तो बहुधा शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर ठरतो. उंची सेंटिमीटरमध्ये, वजन किलोत, दोन्हींचा गुणाकार, भागिले ३६००, आणि त्याचं वर्गमूळ. आज स्तनाच्या कॅन्सरचा पहिला डोस घ्यायला आलेल्या ताईंची उंची १५२ आणि वजन ५६. उत्तर येतं सुमारे १.५४ चौरस मीटर. डॉक्सोरुबिसिन प्रति चौरस मीटर ६० मिलिग्रॅम, म्हणजे ९२. सायक्लोफॉस्फामाइड ६००, म्हणजे ९२४. डॉक्टर लिहितात, फार्मासिस्ट पडताळतो, मी पुन्हा मांडून बघते. तिघांचा आकडा जुळल्याशिवाय बाटली उघडत नाही.

डॉक्सोरुबिसिन हृदयाला इजा करू शकतं, म्हणून आधी टू-डी इको झालेला असतो. आयुष्यभरात ते किती देता येईल याला मर्यादा आहे, त्यामुळे आतापर्यंत किती गेलं याची बेरीज फाइलच्या पहिल्या पानावर ठेवावी लागते. म्हणूनच दुसऱ्या गावी दाखवायला जाताना जुनी फाइल घरी विसरू नका, असं मी प्रत्येकाला सांगते.

ताईंचे मिस्टर मला बाजूला घेतात. "सिस्टर, तिला कॅन्सर म्हणू नका. गाठीचं औषध आहे एवढंच सांगितलंय." ही विनंती आमच्याकडे नवी नाही. तिच्यामागे प्रेमच असतं, त्याबद्दल मला शंका नाही. पण मी दोघांना डॉक्टरांकडे घेऊन जाते आणि दार लावून घेते. तासाभराने ताई बाहेर येतात. डोळे लाल आहेत, पण पहिला प्रश्न त्याच विचारतात: "किती डोस?" मी सांगते: हे चार, एकवीस-एकवीस दिवसांनी, मग दुसरं औषध, आठवड्याला एक, असे बारा. केमोनंतरचा ताप धोक्याचा असतो, आणि घरी गेल्यावर कणकण आली तर ती ताईंनाच आधी कळणार आहे. ज्याला आपण काय घेतोय हेच माहीत नाही, तो कणकणीकडे लक्ष कशाला देईल?

दहा

शीर शोधायची वेळ. दोन-चार डोसांनंतर शिरा कडक होतात, लपतात. गरम पाण्याच्या पिशवीने हात शेकायचा, खाली सोडायचा, मूठ आवळायला सांगायची. ज्यांचे डोस जास्त आहेत त्यांना छातीत कातडीखाली पोर्ट किंवा दंडातून पिक लाइन बसवून घेतलेली बरी. खर्च आणि काळजी दोन्ही वाढतात, पण दर वेळचं टोचणं वाचतं.

आत औषध कालवायची खोली आहे. तिथे काचेच्या बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये, दुहेरी हातमोजे आणि गाऊन घालून औषधं बनतात. ही औषधं आमच्याही अंगाला लागायची नसतात.

आधी उलटी थांबवणारी औषधं. केमो म्हणजे बादली धरून बसणं, हे चित्र जुन्या सिनेमांनी आणि जुन्या आठवणींनी पक्कं केलंय. आता ग्रॅनिसेट्रॉन किंवा पॅलोनोसेट्रॉन, डेक्सामेथासोन, अ‍ॅप्रेपिटंट, ओलान्झापिन अशी औषधं एकत्र देतात आणि पुष्कळांना उलटी होतही नाही. मळमळ मात्र दोन-तीन दिवस रेंगाळू शकते. गोळी मळमळ सुरू झाल्यावर शोधायची नसते, चिठ्ठीवर लिहिलेल्या वेळेला घ्यायची असते.

अकरा

लाल औषध. डॉक्सोरुबिसिनचा रंगच असा की पहिल्यांदा बघणारा दचकतो. ते शिरेबाहेर झिरपलं तर कातडी आणि खालचं मांस जळतं. म्हणून शेजारी सलाईन वाहतं ठेवून मी ते सावकाश, हाताने सोडते आणि पुनःपुन्हा शिरेतून रक्त मागे येतंय ना ते बघते. तोवर कोणी हाक मारली, फोन वाजला तरी मी उठत नाही. ताईंना एकच सांगितलंय: "आग झाली, टोचल्यासारखं झालं, तर लगेच बोला. सहन करू नका." आपल्या बायकांना सहन करायची इतकी सवय असते की हे दोनदा सांगावं लागतं.

दुसरंही आधीच सांगून ठेवते. आज-उद्या लघवी लालसर होईल, ते रक्त नव्हे. सायक्लोफॉस्फामाइड मूत्राशयाला त्रास देतं, तेव्हा पाणी भरपूर प्यायचं आणि लघवी तुंबवायची नाही.

केसांचं मी त्यांनी विचारायची वाट न बघता बोलते. या औषधात केस जातात. दोन-तीन आठवड्यांनी उशीवर, न्हाणीघरात पुंजके दिसू लागतात. बऱ्याच जणी आधीच बारीक कापून घेतात, त्यांना ते सोपं जातं. उपचार संपल्यावर केस परत येतात. ताई काहीच बोलत नाहीत. मीही थोडा वेळ बोलत नाही.

साडेबारा

पलीकडच्या खुर्चीत एका आजींना पॅक्लिटॅक्सेलचा पहिला डोस. या औषधाची रिअ‍ॅक्शन आली तर बहुधा पहिल्या दहा मिनिटांतच येते: चेहरा लाल, छाती आवळल्यासारखी, पाठीत कळ. म्हणून आधी स्टेरॉइड आणि अ‍ॅलर्जीची औषधं देऊन सुरुवात अगदी हळू करतो, आणि ती दहा मिनिटं मी तिथेच उभी असते. आज पाचव्या मिनिटाला आजी म्हणाल्या, "दम कोंडतोय गं." औषध बंद, ऑक्सिजन, इंजेक्शन, डॉक्टर. अर्ध्या तासात आजी ठीक. पुढे तेच औषध आणखी हळू देऊन पूर्ण झालं, तसं ते अनेकदा होतं. या औषधाने बोटांना मुंग्या येतात, बटण लावता येईनासं होतं. तेही सांगायचं असतं, कारण डोस कमी करायचा की नाही हे त्यावर ठरतं.

पावणेदोन

डबे उघडतात. खुर्चीतली माणसं आणि सोबतची माणसं एकमेकांना चटणी देतात, आणि प्रश्न सुरू होतात. साखर बंद करू? नको, साखर सोडल्याने गाठ उपाशी राहत नाही, माणूस मात्र खंगतो. मधुमेह असेल तर गोष्ट वेगळी. मुगाची खिचडी, नाचणीची पेज, अंडं, डाळ, दूध, जे जाईल ते, ताजं शिजवलेलं. फळ धुऊन, सोलून. उघड्यावरचा रस आणि कापून ठेवलेली फळं बंद.

येवल्याच्या एक मावशी हळूच विचारतात, "सदाफुलीचा पाला खाल्ला तर? त्याचंच केमो करतात म्हणे." अर्धं खरं आहे. सदाफुलीतून विनक्रिस्टीन आणि विनब्लास्टीन ही दोन औषधं मिळाली, १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून, आणि त्यातलं विनक्रिस्टीन रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांना आजही देतात. पण शेकडो किलो वाळलेल्या पानांतून जेमतेम ग्रॅमभर विनक्रिस्टीन निघतं. पाला चावून औषधाचा डोस मिळत नाही. पोटात जातात ती नको असलेली विषं, तीही यकृतावर आधीच ताण असताना.

शेजारी दिंडोरीचे एक बाबा बसलेत. तंबाखूने तोंडाचा कॅन्सर झाला, ऑपरेशननंतर तो परतला. त्यांना सलाईन नाही. आठवड्याला मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या आणि रोज सेलेकॉक्सिब. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी हे स्वस्त, घरी घेता येणारं औषध अशाच पेशंटांमध्ये सिस्प्लॅटिनशी ताडून पाहिलं आणि गोळ्यांवरची माणसं जास्त जगली. ते संशोधन २०२०मध्ये प्रसिद्ध झालं. या मेथोट्रेक्सेटच्या मुळाशीही मुंबईच आहे. १९२८मध्ये लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या आणि गरोदर गिरणी कामगार बायकांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करू लागल्या. यीस्टच्या अर्काने त्या बायका बऱ्या होतात हे त्यांनी दाखवलं. त्यातलं द्रव्य पुढे फोलिक अ‍ॅसिड म्हणून ओळखलं गेलं. ते प्रयोगशाळेत तयार करणारी अमेरिकेतली तुकडी आपल्या आंध्रच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांची. मग बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी उलटा विचार केला: फोलिक अ‍ॅसिडने पेशी वाढतात, तर त्याला अडवणारं औषध दिलं तर? १९४८मध्ये त्यांनी रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांवरचे परिणाम छापले. मेथोट्रेक्सेट त्याच घराण्यातलं. परळ-लालबागच्या चाळी ज्यांनी पाहिल्यात त्यांना ही गोष्ट मी आवर्जून सांगते.

पण बाबांना सांगायचं ते निराळं आहे. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. रोज घेतलं तर माणूस दगावू शकतो. त्यांचा वार मंगळवार. पाकिटावर मी "फक्त मंगळवार" लिहिते आणि सुनेकडून वाचून घेते.

तीन

आतड्याच्या कॅन्सरचे एक दादा, ऑक्सॅलिप्लॅटिन दोन तास. त्यांना थंड पाणी, बर्फ, फ्रीजचं दार, सगळं चार-पाच दिवस वर्ज्य. गारव्याने बोटांना झिणझिण्या येतात, घसा आवळल्यासारखा होतो. त्यांच्या पोर्टला औषधाची छोटी बाटली जोडून देते. ती शेहेचाळीस तास थेंबथेंब चालते. ते ती कमरेला बांधून घरी जातात आणि परवा काढायला येतात.

चार

दिवसातलं सर्वांत मोठं काम आता. ताईंचं सलाईन सुटलंय, घरी जायची घाई आहे, पाच वाजताची गाडी आहे. तरीही मी दोघांना समोर बसवते. औषध दोन-अडीच तासांत अंगात गेलं. उपचार पुढचे वीस दिवस घरी चालणार आहे.

दोन दिवस लघवी, उलटी यांतून औषध बाहेर पडतं. संडासात दोनदा पाणी टाकायचं, खराब कपडे वेगळे धुवायचे, साफ करणाऱ्याने हातमोजे घालायचे. घरात कोणी गरोदर असेल तर तिने हे काम करू नये. पण ताट-वाटी वेगळी, अंथरूण वेगळं, नातवंडांना लांब ठेवणं, हे करू नका. कॅन्सर शिवल्याने होत नाही. घरातल्या कोणाला सर्दी-खोकला असेल तर मात्र त्यानेच लांब राहायचं.

तोंड येऊ नये म्हणून मऊ ब्रश आणि दिवसातून चार-पाच वेळा मीठ-सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या. थकवा येईल; झोपून राहण्यापेक्षा अंगणात थोडं चाललेलं बरं.

आणि ताप. डोसानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. तेव्हा साधा जंतूही काही तासांत रक्तात पसरतो. बाहेरून काही दिसत नाही: पू नाही, सूज नाही, फक्त ताप. कारण पू व्हायलाही पांढऱ्या पेशी लागतात. पेठच्या एका भाऊंना दहाव्या रात्री ताप आला. "सकाळी बघू" म्हणून घरच्यांनी तापाची गोळी दिली, ताप उतरला, सगळे निर्धास्त झाले. दुसऱ्या रात्री आमच्याकडे आणलं तेव्हा त्यांचं बीपी मोजता येत नव्हतं. ते वाचले, दोन आठवडे आयसीयूत राहून. अशा तापात दवाखान्यात पोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक शिरेतून सुरू व्हावं लागतं. दुसरं काहीही त्याच्या बदल्यात चालत नाही.

ताईंचे मिस्टर विचारतात, "रात्री दोन वाजता आला तर?" मी म्हणते, रात्री दोन वाजताच निघायचं. ताई स्वतः तापाचा आकडा, १००.४ फॅरनहाइट, फाइलवर लिहून घेतात. सकाळी ज्यांच्यापासून आजाराचं नाव लपवायचं होतं, त्याच आता किती तापाला निघायचं ते नवऱ्याला सांगत आहेत.

साडेपाच

रिकाम्या बाटल्या, नळ्या, हातमोजे पिवळ्या पिशवीत. त्यावर केमोच्या कचऱ्याची वेगळी खूण. मग वही उघडून फोन करते: आठवडाभरापूर्वी ज्यांचा डोस झाला त्यांना. खाताय का, तोंड कसं आहे, ताप मोजला का? सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत मंजुरी अडकलेल्या दोघांचे कागद उद्या आरोग्यमित्राकडे द्यायचेत. सुरगाण्याच्या काकूंचं नाव पुढच्या आठवड्याच्या पानावर चढवते.

तुमच्या घरात कोणाची केमो चालू असेल तर आजच मेडिकलमधून डिजिटल थर्मामीटर आणा. तुमच्या दवाखान्याचा रात्रीचा नंबर फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप दिसला, की तापाची गोळी देऊन वाट बघू नका. फोन करा आणि त्याच क्षणी निघा. दारात पोचल्यावर पहिलं वाक्य हेच बोला: "यांची केमो चालू आहे आणि ताप आलाय."