चष्म्याची काडी, हेल्मेटची गादी

लक्ष्मी रस्त्याच्या एका बोळातलं चष्म्याचं दुकान गेल्या दिवाळीनंतर बंद झालं. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. दुकानदारकाका थकले होते, मुलगा परदेशी, तेव्हा हे होणारच होतं. पण माझी मात्र खरी पंचाईत झाली. हेल्मेट घालणाऱ्या चष्मेवाल्या माणसाची अडचण न सांगता ओळखणारं दुसरं कुणी मला या शहरात सापडलेलं नाही. दुचाकींचं शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यात ही गत, तर बाकीच्या गावांनी आपापलं बघून घ्यावं.

गेल्या पन्नासेक वर्षांकडे पाहिलं की हिशेब अगदी उफराटा दिसतो. चष्मे हेल्मेटात जाण्याजोगे होते, तेव्हा डोकी हेल्मेटात जायला तयार नव्हती. आता डोकी कशीबशी आत गेली, तर चष्मे बाहेर राहिले.

सुरुवातीच्या काळाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. चेतक आणि लूना दोघीही १९७२ च्या, दोघीही आपल्याच मुलखातल्या. वडिलांच्या पिढीने त्यांच्यावरून ऑफिसं गाठली, डोक्याला थंडीत फार तर कानटोपी. चष्मे जाड काळ्या फ्रेमचे आणि काचा खरोखरच्या काचेच्या. हेल्मेट म्हणजे पोलिसाचं नाहीतर लष्करातल्या माणसाचं. १९८४ साली कायनेटिक होंडा आली. बटण दाबलं की सुरू होणारी, गिअर नसलेली ही गाडी पुण्याच्या बायकांनी लगेच आपली म्हटली. मग १९८८ चा मोटार वाहन कायदा. त्याच्या कलम १२९ ने चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट घालायला सांगितलं, आणि ते बराच काळ कागदावरच राहिलं. नव्वदच्या दशकात आम्हा ढापण्यांच्या पदरात एकच गोष्ट पडली. काचेच्या काचा जाऊन ज्यांना आपण फायबरच्या म्हणतो त्या प्लॅस्टिकच्या काचा सर्रास मिळू लागल्या. वजन जवळपास निम्म्यावर आलं आणि नाकावरचे लाल खड्डे बुजले. पुढे चला.

रेंगाळायचं ते २००१ ते २०१० या दहा वर्षांत. ॲक्टिव्हा आणि पल्सर दोन्ही २००१ मध्ये रस्त्यावर आल्या. जुन्या स्कूटरची सद्दी संपत गेली आणि २००९ मध्ये बजाजने स्कूटर बनवणंच बंद करायचं ठरवलं. रस्ते तेवढेच राहिले, गाड्या वाढल्या, अपघात वाढले. हेल्मेटसक्ती यायची, विरोध पेटायचा, पत्रकं निघायची, सक्ती थंडावायची. चौकात पोलीस दिसला की कोपरात अडकवलेलं हेल्मेट डोक्यावर चढायचं आणि चौक ओलांडला की परत कोपरात. कोपराची इतकी काळजी घेणारं दुसरं शहर नसेल.

विरोधकांची कारणं मला अजून तोंडपाठ आहेत. मान दुखते, केस गळतात, हॉर्न ऐकू येत नाही, शहरात गाडी ताशी तीसच्या वर जातेच कुठे. डोकं रस्त्यावर आपटायला ताशी तीसचा वेग भरपूर होतो, हे सांगितलं की समोरचा खड्ड्यांवर घसरायचा. या यादीच्या शेवटी कुणीतरी हमखास म्हणायचं, “आणि चष्मेवाल्यांचं काय?” त्या चळवळीवर माझा खरा राग आहे तो इथे. सगळ्या यादीत खरी अडचण ही एकच होती, आणि तिला उपायही होता. पण तो कुणी शोधला नाही. हेल्मेटच्या कंपन्यांना कुणी पत्र लिहिलं नाही, चष्मेवाल्यांना कुणी विचारलं नाही. चष्मा फक्त घोषणेपुरता वापरला आणि ठेवून दिला.

विक्रेतेही काही कमी नव्हते. नाना पेठेत हेल्मेट घ्यायला गेलं, की बाईमाणूस पाहून विक्रेता गुलाबी फुलांचं “लेडीज हेल्मेट” काढायचा. अर्धी टोपीच ती. कान उघडे, हनुवटी उघडी, पट्टा नावापुरता. पूर्ण तोंडाचं मागितलं की म्हणायचा, “मॅडम, चष्मा अडकेल.” अडकायचा हे खरंच. आतली गालाची गादी काडीला कानशिलावर दाबून धरायची. घरून निघताना काही वाटायचं नाही, पण स्वारगेटपर्यंत कानामागे ठणका लागायचा आणि कात्रजच्या चढाला दोन्ही कानशिलं बोलायला लागायची. त्यावर विक्रेत्यांचं एकच उत्तर, “वापरा थोडे दिवस, सैल होईल.” गादी दबून सैल झाली की हेल्मेटही डोक्यावर डगडगतं, मग ते घालून उपयोग काय, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

त्यात आम्हा बायकांचा स्कार्फ. धूळ आणि उन्हापायी नाकातोंडावरून तो गुंडाळायचा, वर हेल्मेट, मग चष्मा. कापडावर काडी टिकत नाही, घसरते. आणि नाक झाकल्यामुळे श्वासाला वाट उरते ती वरच्या बाजूची, थेट काचांकडे. डिसेंबरातल्या सकाळी सिग्नलला थांबलं की वाफाळत्या चहाच्या कपावर चष्मा धरल्यासारखं सगळं पांढरं. हिरवा दिवा लागला हे मागच्यांच्या हॉर्नवरून कळायचं. व्हायझर बोटभर उघडा ठेवायचा आणि स्कार्फ नाकाखाली ओढायचा, हा उपाय आम्ही एकमेकींकडून शिकलो.

या सगळ्या गोंधळात बोळातले काका भेटले. चष्म्याचा नंबर वाढला म्हणून मी गेले होते. गाडीची किल्ली काउंटरवर ठेवली, तर म्हणाले, “ताई, हेल्मेट कुठंय? आणा आधी.” हेल्मेट आणलं. त्यांनी ते मला घालायला लावलं आणि व्हायझर वर करून एकेक फ्रेम गालाच्या गादी आणि कानशिलामधून सरकवून पाहिली. कानामागे गोल वळणारी काडी गादीत अडकते, म्हणून ती बाद. जाड काडी बाद. सरळ, चपटी, टोकाला जेमतेम वाकलेली धातूची काडी असेल तरच पुढे बोलायचं. स्प्रिंगच्या बिजागरीची फ्रेम हातात घेऊन म्हणाले, “ही काढताघालताना मोडणार नाही, पण दिवसभर आत दाबत राहील. तुम्ही ठरवा.” शेवटी निवडलेल्या फ्रेमच्या काड्या गरम हवेवर धरून त्यांनी माझ्या कानामागे हव्या तेवढ्याच वळवल्या.

एवढ्यावर थांबले नाहीत. हेल्मेट घातलेलं असतानाच समोर स्टुलावर बसले, नमुन्याच्या काचेवर बुबुळासमोर पेनने ठिपका दिला, मग हेल्मेट काढायला लावून दुसरा दिला. दोन ठिपक्यांत फरक होता, कारण गालाच्या गाद्या फ्रेमला वर उचलतात. साध्या नंबराला त्याने फारसं बिघडत नाही. पण चाळिशीनंतर प्रोग्रेसिव्ह काचा लागल्या की तेवढा फरक नडतो. वाचायचा भाग वर सरकतो आणि समोरची बस धूसर होते. तुमचं गाडीवरचं रोजचं जाणंयेणं किती, हे विचारून त्यांनी उंची ठरवली. काचेच्या साहित्याबद्दलही त्यांचं मत ठाम होतं. दुचाकीवाल्याने पॉलिकार्बोनेट घ्यावं, ते सहज फुटत नाही. ओरखडे लवकर पडतात, म्हणून वर कडक लेप हवा. रात्री समोरच्या दिव्यांचं प्रतिबिंब काचेवर नको म्हणून अँटीग्लेअर. रस्त्याकडेला “नाइट ड्रायव्हिंग” म्हणून मिळणाऱ्या पिवळ्या चष्म्यांवर ते चिडत. पिवळी काच डोळ्यापर्यंत येणारा प्रकाश कमीच करते, आणि रात्री तो आधीच कमी असतो.

त्या दशकाची फॅशनही त्यांच्या बाजूने होती. लहान आयताकृती काचा, पातळ धातूच्या काड्या, खाली दोऱ्यावर तोललेल्या सुप्रा फ्रेमा. जवळजवळ प्रत्येक चष्मा हेल्मेटात अलगद जायचा. जाणारं डोकं तेवढं नव्हतं.

नंतरची वर्षं मी भराभर उलटते. फ्रेमा फुगत गेल्या. जाड काड्यांच्या मोठ्या गोल फ्रेमा परत आल्या, आजोबांचे काळे चष्मे नातवंडांच्या नाकावर चढले. चष्मे मोबाइलवरून मागवायची सोय झाली. पडद्यावर आपल्याच चेहऱ्यावर फ्रेम चढवून दाखवतात, हेल्मेट कुणी चढवत नाही. दुसऱ्या बाजूने हेल्मेट मात्र आलं. १ जानेवारी २०१९ पासून पुणे पोलिसांनी सक्तीची अंमलबजावणी कडक केली, पुन्हा आंदोलनं झाली. त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीने दंड १००० रुपयांवर नेला आणि तीन महिने परवाना निलंबित करण्याची तरतूद केली. १ जून २०२१ पासून आयएसआय शिक्क्याशिवाय हेल्मेट विकायला बंदी आली. शिक्का बघून घ्या, जरूर घ्या. पण त्या शिक्क्याला तुमच्या चष्म्याची काडी ठाऊक नसते. कवच धक्का किती झेलतं, पट्टा किती ताण सोसतो हे तो सांगतो. बाकीचं तुम्हालाच बघावं लागतं.

काही हेल्मेटांच्या गादीत आता काडीसाठी खाच असते. पुढचा जबडाच वर उचलता येणारी हेल्मेटंही मिळतात, त्यांत चष्मा काढावाच लागत नाही. वजन थोडं जास्त आणि किंमतही, पण प्रत्येक पेट्रोल पंपावर चष्म्याची काडी दातांत धरून उभं राहण्यापेक्षा परवडलं. म्हणजे हेल्मेटवाल्यांना उशिरा का होईना, आम्ही दिसलो. चष्मे विकणाऱ्यांना अजून दिसायचे आहोत.

काकांचं दुकान गेल्यावर मी एका चकचकीत शोरूममध्ये गेले. दारातल्या रखवालदाराने हेल्मेट बाहेर ठेवायला लावलं. आतल्या मुलीने गोड हसून सगळ्यात जाड काड्यांच्या फ्रेमा पुढे मांडल्या. पातळ काडी मागितली तर म्हणाली, “मॅम, त्या आता चालत नाहीत.” मग उन्हात काळ्या होणाऱ्या महागड्या काचा दुचाकीसाठी कशा उत्तम, हे सांगायला लागली. त्या काचा काळ्या होतात त्या अतिनील किरणांनी. पॉलिकार्बोनेटचा व्हायझर ते किरण बरेचसे बाहेरच अडवतो, म्हणून हेल्मेटात त्या पांढऱ्याफटक राहतात. हे तिला माहीत नव्हतं, आणि तिला कुणी शिकवलेलंही नव्हतं. दोष तिचा नाही. विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला गाडीवर कसे जाता हे विचारायची रीतच उरलेली नाही.

वाहन परवान्याच्या अर्जात एक जुना प्रश्न असतो: २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट दिसते का, लागत असल्यास चष्मा लावून? चष्म्याशिवाय आम्हाला गाडी चालवता येत नाही आणि हेल्मेटशिवाय चालवू नये. या दोन्ही गोष्टी एकाच डोक्यावर बसवण्याची जबाबदारी मात्र ना परवाना देणाऱ्याची, ना हेल्मेटवाल्याची, ना शोरूमची.

ती आता आपलीच. चष्मा अडकतो म्हणून हेल्मेट सोडू नका, फ्रेम बदला. दुकानात जाताना हेल्मेट गाडीला कुलूप लावून ठेवू नका, आत न्या. ते घालून फ्रेम सरकवून बघा, दहा मिनिटं तसंच बसा आणि कानशिलं दुखली तर ती फ्रेम परत करा. प्रोग्रेसिव्ह काचा घेणार असाल तर हेल्मेट घातलेलं असतानाच माप घ्यायला सांगा. आणि दुकानदार हसला, तर दुकान बदला.