येताना मिळते, जाताना नाही

लंडनहून मुंबईला निघालेल्या प्रवाशांना २०२५ च्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दियारबाकिर हे शहर पाठ झालं. तुर्कस्तानच्या आग्नेय भागातलं, हवाई दलाचा तळ असलेलं हे शहर. एका प्रवाशाच्या तातडीच्या आजारपणामुळे बुधवारी व्हर्जिन अटलांटिकचं विमान तिथे उतरलं आणि मग तांत्रिक तपासणीत अडकलं. शुक्रवारी दुपारी ते पुन्हा उडालं. मधले चाळीसेक तास दोनशेहून अधिक माणसांनी कसे काढले, हे तुम्ही तेव्हा मोबाइलवर पाहिलंच असेल. जमिनीवर झोपलेली मुलं, पांघरुणांची मारामार, इतक्यांना मिळून एकच स्वच्छतागृह असल्याची तक्रार. ते सगळं इथे पुन्हा सांगत नाही.

महिन्याभरातली ही तिसरी गोष्ट. मार्चच्या पहिल्या आठवड्यात एअर इंडियाचं शिकागो-दिल्ली विमान दहा तासांहून जास्त उडून पुन्हा शिकागोलाच उतरलं, कारण बारापैकी आठ शौचालयं तुंबली होती. पाइपांत पिशव्या, चिंध्या आणि कपडे निघाले, असं कंपनीनं जाहीर केलं. (त्यावरचे विनोद महिनाभर सगळ्या कौटुंबिक ग्रुपांवर फिरले, पण कपडे कोणाचे होते हे गूढच राहिलं.) मग २१ मार्चला एका वीज उपकेंद्राला लागलेल्या आगीमुळे अख्खं हीथ्रो बंद पडलं. त्या दिवशी मुंबईहून लंडनला निघालेली माणसं कित्येक तास आकाशात काढून परत मुंबईतच उतरली.

अशा बातमीनंतर दोनच प्रश्न विचारले जातात. विमान कंपनीनं दुसरं विमान लगेच का पाठवलं नाही? आणि आता या लोकांना काय मिळणार? पहिल्याचं उत्तर कंटाळवाणं पण खरं आहे, म्हणून ते आधी उरकतो.

लांब पल्ल्याचं रिकामं विमान सहसा कुठे उभं नसतं. उभं राहिलेलं विमान म्हणजे बुडीत धंदा. वैमानिकांच्या कामाच्या तासांना कायद्याची मर्यादा असते. ती संपली की विमान ठणठणीत असलं तरी त्यांना उडता येत नाही, आणि नवी माणसं आणायची तर तीही कुठून तरी उडूनच यावी लागतात. बिघाड झाला असेल तर त्या जातीच्या विमानाचा परवाना असलेला इंजिनिअर लागतो. तो दियारबाकिरला राहत नाही. २०२३ च्या जूनमध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एअर इंडियाचं विमान इंजिनच्या तक्रारीमुळे रशियातल्या मगादानला उतरलं, तेव्हा २१६ प्रवाशांना आणायला दुसरं बोइंग थेट मुंबईहून पाठवावं लागलं होतं.

त्यात पासपोर्टची भानगड वेगळीच. तुर्कस्तानात पाऊल ठेवायला ब्रिटिश पासपोर्टवाल्याला व्हिसा लागत नाही, आपल्याला लागतो. म्हणजे एकाच विमानातून उतरलेल्या, शेजारी शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाला दारातून थेट हॉटेलात जाता येतं आणि दुसऱ्याला कुणीतरी परवानगी काढून द्यावी लागते. परदेश प्रवासात पासपोर्टचा रंग कधी नव्हे इतका ठळक दिसतो तो अशा रात्री.

आता दुसरा प्रश्न. मला खरं म्हणजे त्यावरच बोलायचं आहे.

आपण तिकीट काढताना काय बघतो? भाडं, सुटण्याची वेळ, तेवीस किलोच्या दोन बॅगा नेता येतील की एकच. त्या तिकिटावर कुठल्या देशाचा कायदा लागू आहे, हे कुणी बघत नाही. आणि सगळी गंमत तिथेच आहे. लंडनहून मुंबईला येणारं विमान कुठल्याही कंपनीचं असो, त्याला ब्रिटनचा प्रवासी-हक्क नियम लागू होतो. विमान चार तास किंवा त्याहून उशिरा पोहोचलं आणि दोष कंपनीचा असला तर प्रत्येक प्रवाशाला ५२० पौंड, म्हणजे पन्नास हजार रुपयांच्या वर. पण मुंबईहून लंडनला जाताना मात्र विमान ब्रिटिश किंवा युरोपीय कंपनीचं असेल तरच हा नियम लागू. आपल्या किंवा आखाती कंपनीच्या विमानानं गेलात तर तोच पल्ला, तोच उशीर, तोच मनस्ताप आणि हाती वेफर्सचं पाकीट.

हा नियम मूळचा युरोपीय संघाचा. २००४ साली झाला, २००५ च्या फेब्रुवारीत अमलात आला. ब्रिटननं संघ सोडला, पण हा नियम स्वतःजवळ ठेवला. नियम करणाऱ्यांनी उशिराची भरपाई त्यात लिहिलेलीच नव्हती, भरपाई फक्त रद्द झालेल्या विमानाची होती. साहजिकच विमान ‘रद्द’ झालं असं म्हणायचं कंपन्या टाळू लागल्या. बावीस तास, पंचवीस तास ‘उशीर’ होऊ लागला. शेवटी २००९ मध्ये लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयानं सांगितलं, की तीन तास किंवा जास्त उशिरा पोहोचलेल्या प्रवाशाचे हाल रद्द विमानाच्या प्रवाशापेक्षा वेगळे नसतात, तेव्हा त्यालाही पैसे द्या. कंपन्या पुन्हा भांडल्या, २०१२ मध्ये पुन्हा हरल्या.

त्याहून माझ्या आवडीचा निकाल २००८ चा. ऑस्ट्रियातलं एक कुटुंब व्हिएन्नाहून रोममार्गे ब्रिंदिसीला निघालं होतं. सुटायला पाच मिनिटं उरली असताना विमान रद्द झालं. इंजिनातला दोष कंपनीला आदल्या रात्रीच कळला होता. दुसऱ्या विमानानं ते कुटुंब जवळजवळ पावणेचार तास उशिरा पोहोचलं. कंपनी म्हणाली, तांत्रिक बिघाड ही असाधारण परिस्थिती आहे, आमचा नाइलाज. न्यायालय म्हणालं, विमानं चालवणं हा तुमचा धंदा आणि विमानं बिघडणं हा त्या धंद्याचाच भाग, त्यात असाधारण काय आहे?

आपल्याकडे याच्या बरोबर उलट चालतं. ‘तांत्रिक बिघाड’ हे शब्द आपल्या विमानतळांवर पूर्णविरामासारखे वापरले जातात. काउंटरवरची मुलगी ते उच्चारते आणि पुढचं संभाषण संपतं. माणूस मुकाट्यानं खुर्ची शोधायला जातो.

आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम २०१० पासून आहेत. पक्कं तिकीट असूनही विमानात चढू दिलं नाही तर वीस हजारांपर्यंत, वेळेत न कळवता विमान रद्द केलं तर दहा हजारांपर्यंत भरपाई आहे. आणि उशीर झाला तर? खाणंपिणं. उशीर चोवीस तासांच्या वर गेला, किंवा रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यान सुटणारं विमान सहा तासांहून जास्त रखडलं, तर हॉटेल. रोख एक पैसाही नाही. लक्झेंबर्गच्या न्यायाधीशांनी २००९ मध्येच बुजवलेली पळवाट आपण राजरोस दरवाजासारखी उघडी ठेवली आहे. दरवर्षी ‘प्रवासी सनद’ वगैरे शब्द ऐकू येतात. मला त्यांचा आता कंटाळा आला आहे.

दियारबाकिरच्या प्रवाशांचं विमान लंडनहून सुटलेलं, कंपनी ब्रिटिश. म्हणजे नियम नक्की लागू. पण पैसे मिळतीलच असं नाही. प्रवाशाचं आजारपण हे कंपनीच्या हाताबाहेरचं कारण धरलं जातं. त्यानंतरचा बिघाड कशात मोडतो यावर वकिलांचं भागेल. मात्र एक गोष्ट वादातीत आहे. जेवण, निवारा, निरोप द्यायची सोय, हे कारण काहीही असो, द्यावंच लागतं. २०१० साली आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेनं युरोपचं आकाश बंद झालं, तेव्हा डब्लिनची एक बाई पोर्तुगालमध्ये अडकली. स्वतःच्या खर्चानं राहिली, जेवली आणि मग रायनएअरकडे ११२९ युरो मागितले. कंपनी म्हणाली, ज्वालामुखीला आम्ही काय करणार? २०१३ मध्ये युरोपीय न्यायालयानं उत्तर दिलं, की ज्वालामुखी असला तरी माणसाला भूक लागतेच. शब्द माझे, अर्थ त्यांचा. राखेमुळे भरपाई माफ होते, काळजी घेणं माफ होत नाही, आणि त्या काळजीला दिवसांची किंवा रकमेची मर्यादाही नाही.

हे सगळं मला कळलं ते आईमुळे. दोन वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी आई एकटीच लंडनला निघाली. पुण्याहून पहाटे टॅक्सीनं मुंबई, तिथून आखातातल्या एका विमानतळावर विमान बदलायचं. व्हीलचेअर मागितली होती. पाय दुखतात म्हणून नव्हे, तर गेट सापडणार नाही म्हणून. आपल्या विमानांच्या दारात दिसणाऱ्या व्हीलचेअरच्या लांबलचक रांगेचं हे उघड गुपित आहे. मुंबईचं विमान उशिरा सुटलं, पुढचं चुकलं, आणि आई त्या विमानतळावर अकरा तास बसली. जेवणाचं कूपन मिळालं. नेमकी एकादशी होती. कूपनवर बर्गर होता. दोन केळी घेऊन ती व्हीलचेअरवरच बसून राहिली आणि मला फोनवर म्हणाली, “अरे, बसायची सोय तरी आहे.”

बॅग आली नाही. तिच्यात मेतकूट, गोडा मसाला, अळीव, झबली, दुपटी आणि आईनं सहा महिने खपून शिवलेली गोधडी होती. बाळ आधी आलं, गोधडी नऊ दिवसांनी.

बॅगेच्या बाबतीत मात्र दिशेचा भेद नाही. तिथे माँट्रियल करार लागू होतो. करार १९९९ चा, भारत त्यात २००९ साली आला. बॅग हरवली किंवा उशिरा आली तर जे नुकसान होतं ते कंपनीनं भरायचं. त्याची कमाल मर्यादा आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या ‘एसडीआर’ या हिशेबी एककात ठरते. २०२४ च्या डिसेंबरअखेरीपासून ती १५१९ एसडीआर झाली, म्हणजे तेव्हाच्या दरानं पावणेदोन लाख रुपयांच्या आसपास. प्रवाशाला झालेल्या उशिरासाठीही याच करारात ६३०३ एसडीआरची मर्यादा आहे, पण ऐकून हुरळून जाऊ नका. ही मर्यादा आहे, बक्षीस नव्हे. झालेलं नुकसान पावतीनिशी दाखवावं लागतं, आणि कंपनीनं शक्य ते सगळं केल्याचं सिद्ध केलं तर तेही मिळत नाही.

आम्ही तिथेच आपटलो. बहिणीनं साउथॉलला जाऊन आईला दोन साड्या, स्वेटर आणि चपला घेतल्या. पावत्या? “आईला साडी घेतली तर तिचं बिल कोण जपून ठेवतं?” ती चिडली. कंपनीनं स्वेटरचे तेवढे पैसे दिले, कारण तेवढीच पावती पिशवीच्या तळाशी राहून गेली होती.

पट्ट्यावर बॅग दिसली नाही तर विमानतळ सोडायच्या आत तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. घरी जाऊन फोन करू म्हणणारे फसतात. बॅग फुटून आली असेल तर सात दिवसांत, उशिरा आली असेल तर हाती आल्यापासून एकवीस दिवसांत लेखी कळवावं लागतं. एकवीस दिवसांत आलीच नाही तर ती हरवली असं धरता येतं. कोर्टात जायला दोन वर्षं. उशिराच्या ब्रिटिश भरपाईसाठी मात्र इंग्लंडमध्ये सहा वर्षांची मुदत आहे, त्यामुळे जुने बोर्डिंग पास फेकू नका. दावा स्वतःच कंपनीकडे करता येतो. मध्यस्थ संस्था त्यातला बराच हिस्सा कापून घेतात.

आणि दोन स्वतंत्र तिकिटं जोडून प्रवास करणाऱ्यांनो, सावध. पुणे-दिल्ली एका कंपनीचं स्वस्तात, दिल्ली-लंडन दुसरीचं, असं केलंत आणि पहिलं विमान रखडलं, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही नुसतेच उशिरा आलेले प्रवासी असता. एकाच बुकिंगमध्ये सगळे टप्पे असले तर अख्खा प्रवास एक धरला जातो. वाचलेले चार हजार रुपये कितीला पडतात हे तेव्हा कळतं.

अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी बातमी फारशी चांगली नाही. तिथे उशिराबद्दल रोख भरपाईचा कायदाच नाही. २०२४ च्या नियमानं, आंतरराष्ट्रीय विमान सहा तास किंवा त्याहून जास्त लांबलं आणि तुम्ही प्रवासच सोडलात तर तिकिटाचे पैसे परत मिळतात, इतकंच. म्हणजे शिकागोला परतलेल्या मंडळींच्या वाट्याला ब्रिटनसारखा कुठलाच ठरीव आकडा नाही. कॅनडा उदार आहे. तिथला नियम जाताना आणि येताना, कुठल्याही कंपनीच्या विमानाला लागू होतो, फक्त सुरक्षिततेचं कारण पुढे आलं की भरपाई गळते.

आई जूनमध्ये पुन्हा लंडनला निघाली आहे, नातवाच्या वाढदिवसाला. परवा तिला हे सगळं समजावून सांगितलं. तिनं वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीनं काहीतरी मांडलं आणि म्हणाली, “म्हणजे जाताना त्यांच्या विमानानं जायचं, येताना आपल्या विमानानं यायचं. दोन्हीकडून पैसे पक्के.” मी म्हटलं, उशीर झाला तरच. ती म्हणाली, “तो होतोच रे. आणि येताना आपल्या विमानात पोहे तरी मिळतात.”